प्रमाणपत्र हाती आले, अनुदान का अडले?

प्रश्न : गेल्या दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन काढताना माझ्या वहिनींचा उजवा हात थ्रेशरमध्ये सापडला आणि तो मनगटापासून काढावा लागला. त्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले, परंतु दरमहा अनुदान देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज ‘उत्पन्न जास्त दिसते’ असे तोंडी सांगून तहसिलातून परत आला. उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाला ७२,००० रुपये लिहिले आहेत. दोघा भावांची मिळून साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे. डॉक्टरांनी कायमचे दिव्यांगत्व लिहून दिल्यावर तहसील कार्यालय नाही कसे म्हणू शकते? (एक वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : दिव्यांगत्व किती, हे रुग्णालय ठरवते, अनुदान द्यायचे की नाही, हे तहसील कार्यालय ठरवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आपल्या वहिनींचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे आणि त्यावरील टक्केवारीवर तहसिलातील लिपिकाला शंका घेता येत नाही. परंतु निराधार योजनेत ४० टक्के दिव्यांगत्वाबरोबरच कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते, आणि आपला अर्ज अडला आहे तो याच दुसऱ्या अटीपाशी. (ही मर्यादा दिवसाला १३७ रुपयांवर येते. निंदणाला जाणाऱ्या बाईची एका दिवसाची मजुरीही याहून जास्त असते, त्यामुळे ही अट मला स्वतःला पटत नाही. पण अर्ज भरताना तीच पाळावी लागते.)

आता दाखला पुन्हा नीट वाचा. ७२,००० ही रक्कम दोन्ही भावांच्या मिळून उत्पन्नाची आहे की केवळ आपल्या थोरल्या भावाच्या घरची? चुली वेगळ्या झाल्या तरी शिधापत्रिका एकच राहते आणि सातबारावर दोघांची नावे एकत्र असतात, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. मग तलाठी (पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी) सगळी जमीन एकाच कुटुंबाच्या नावे धरून अहवाल देतात. आपण खरोखर वेगळे राहत असाल, तर आधी शिधापत्रिका विभक्त करून घ्या, थोरल्या भावाच्या हिश्श्यापुरत्या उत्पन्नाची नव्याने चौकशी करण्याचा अर्ज द्या आणि तहसीलदारांचा नवीन दाखला जोडून निराधारचा अर्ज पुन्हा दाखल करा. एकत्र राहत असाल तर केवळ दाखल्यासाठी वेगळे झाल्याचे दाखवू नका. या योजनेत लाभार्थ्यांची दरवर्षी तपासणी होते आणि खोटे उघड झाले तर मिळालेले पैसेही परत मागितले जातात.

तोंडी नकार मात्र मुळीच स्वीकारू नका. अर्जाची पोच आणि नामंजुरीचे कारण लेखी मागा, कारण कागदावर काही नसेल तर पुढे दाद मागायलाही आधार राहत नाही.

एक अडचण मी अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे. अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते, त्यासाठी सेतू केंद्रात बोट ठेवायला सांगतात, आणि उजवा हात नसलेल्या बाईच्या डाव्या हाताच्या रेषा कापूस वेचून वेचून इतक्या झिजलेल्या असतात की यंत्रावर चार वेळा लाल दिवा लागतो. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ओळख पटवता येते. बोटे नसल्याची नोंद आधार केंद्रात आताच करून घ्या. प्रमाणपत्र, आधार व पासबुक या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच आहे का, हेही पाहा. ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ एवढ्या फरकावरूनही अर्ज परत येतात.

अर्ज मंजूर होईपर्यंत दोन गोष्टी करता येतील. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, म्हणून वहिनींचे नाव तेथील नोंदवहीत घालून घ्या. शिवाय एसटीच्या प्रवासभाड्यात ७५ टक्के सवलत आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एक हात गमावल्यास एक लाख रुपये मिळतात आणि शेतकऱ्याची पत्नीही त्यास पात्र असते; तथापि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अपघातापासून ३० दिवसांत प्रस्ताव द्यावा लागतो. आपली ती मुदत उलटून गेली आहे, याचे वाईट वाटते. निराधारची दरमहा रक्कम दिव्यांगांसाठी १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला आहे, तेव्हा दुसऱ्यांदा अर्ज करण्याचा कंटाळा करू नका.

प्रश्न : माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हातपाय धड असताना तिला दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? (एक माता, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली)

उत्तर : मिळू शकते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यांत सिकलसेलचाही समावेश आहे. मात्र तपासणी अहवालात ‘एसएस’ असेल तर तो आजार. ‘एएस’ म्हणजे मुलगी केवळ वाहक आहे आणि तिला प्रमाणपत्र मिळणार नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करून नेमलेल्या दिवशी रुग्णालयात जाताना तो अहवाल, रक्त चढवल्याच्या आणि भरती झाल्याच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या, कारण टक्केवारी ठरवताना डॉक्टर त्यांचाच आधार घेतात. प्रमाणपत्र तात्पुरते मिळाले तर त्यावरील अखेरची तारीख पाहून फेरतपासणीचा अर्ज दोन-तीन महिने आधीच टाका.