पेज कधी, पाणी कधी?

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीचं आतड्याचं ऑपरेशन सकाळी अकराला आहे. आदल्या रात्री नऊनंतर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं घरची मोठी माणसं म्हणतात. चौदा तास ती कशी राहील?

राहायची गरजच नाही. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी जेवण 6 तास बंद, तान्ह्याचं अंगावरचं दूध 4 तास. साधं पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस मात्र 2 तास आधीपर्यंत चालतो. युरोपातले भूलतज्ज्ञ तर मुलांना 1 तास आधीपर्यंत देतात. दुधाचा चहा यात मोडत नाही, हे आजोबांना आवर्जून सांगा. रडून दमलेलं, तहानलेलं मूल आम्हालाही टेबलावर नको असतं. आतडं अडकून उलट्या होत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जठर रिकामं होत नाही, म्हणून तोंडाने काहीच द्यायचं नाही. नेमकी वेळ तुमच्या भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

प्रश्न : मुलाच्या आतड्याचा तुकडा काढून जोड दिला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, पेज द्या. सासूबाई घाबरल्यात, टाके उसवले तर? पुतण्याला पाच दिवस सलाइनवर ठेवलं होतं.

सासूबाईंची भीती आम्हीच पेरलेली आहे. मी शिकत होतो तेव्हा नाकात नळी आणि तोंडाला कुलूप, हाच नियम होता. राउंडचा पहिला प्रश्न ठरलेला : गॅस पास झाला का? तोवर तोंडाने काही नाही.

पण तो जोड कोरडा कधीच नसतो. मूल उपाशी असलं तरी लाळ, जठररस, पित्त त्यावरून वाहतच असतात. शिवाय लहान आतडं काही तासांतच हलू लागतं. जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सगळ्यात आळशी, दोन-तीन दिवस घेतं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी 1990च्या दशकात लांबलचक उपास, नळ्या, सलाइनचा मारा, पडून राहणं अशा जुन्या सवयींनाच प्रश्न विचारले. मोठ्या माणसांत हे जमलं, मग हळूहळू मुलांच्या वॉर्डात आलं.

आधी घोटभर पाणी, मग पेज, मग मऊ भात. मागेल तितकंच द्या, मागे लागून भरवू नका. एखादी उलटी झाली तर जरा थांबा. पोट फुगून हिरवी उलटी झाली तर लगेच सिस्टरना हाक मारा. पुतण्याच्या पोटात पू झाला असेल तर त्याचा हिशोब निराळा असू शकतो. तुलना करू नका.

प्रश्न : वेदनेची औषधं सारखी दिली तर सवय लागते का?

पॅरासिटामॉलची लागत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस ते ठरलेल्या वेळी, वजनानुसार द्यायचं. रडण्याची वाट पाहायची नाही. आम्ही हात आखडता घेतो तो मॉर्फिनसारख्या औषधांबाबत, कारण ती आतड्यालाही झोपवतात. म्हणून शक्य तिथे भूलतज्ज्ञ पाठीत किंवा पोटाच्या भिंतीत बधिरतेचं इंजेक्शन देतात. दुखणं कमी असलं की मूल आपणहून उठतं. साबणाचे फुगे न्या : फुगे उडवताना छाती भरते आणि त्यांच्यामागे पावलंही पडतात.

प्रश्न : बाळाचं हर्शस्प्रंगचं (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसतात, म्हणून शी पुढे सरकत नाही, तो आजार) ऑपरेशन होऊन महिना झाला. कालपासून पातळ, फार घाण वासाची शी होते आणि पोट फुगलंय. ओआरएस देऊन बघू का?

बघत बसू नका. या आजारात ऑपरेशननंतरही आतड्याला गंभीर सूज येऊ शकते आणि ती अशीच सुरू होते, ताप असो वा नसो. हे वाचत असाल तिथून उठा, ऑपरेशनचे कागद घ्या आणि आत्ताच रुग्णालय गाठा.