राजधानी आणि लाल शाई

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात वाईट वाटले, दुसऱ्या वाचनात राग आला, म्हणून उत्तराला मुद्दाम उशीर केला. राजधानीतील ज्या महाविद्यालयात तुला प्रवेश मिळतो आहे तेथे वर्गात शेकड्यांनी मुले बसतात आणि प्राध्यापक निबंध स्वतः वाचत नाहीत, हे तूच लिहितोस. आज तू जेथे शिकतो आहेस तेथे एक बाई तुझा प्रत्येक निबंध ओळीओळीने वाचून, समास लाल करून परत देतात, हेही तूच लिहितोस. आणि एवढे लिहून झाल्यावर विचारतोस की, राजधानीतली माणसे जास्त शिकलेली असतात हे आकड्यांवरून सिद्ध झालेले असताना आपण मागे का राहायचे? तू आकड्यांचा आधार घेतला आहेस, म्हणून आधी आकडेच पाहू.

वॉशिंग्टनचे उदाहरण तू दिले आहेस आणि ते खरे आहे. तेथील प्रौढांमध्ये पदवीधरांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक आहे, तर साऱ्या अमेरिकेत ते ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. पण हे पदवीधर वॉशिंग्टनने घडवले का? सरकारी खाती, न्यायालये, वकिलाती, सल्लागार कंपन्या आणि संशोधन संस्था यांना पदवीधर लागतात, आणि ते देशभरातून, पदवी आधीच हातात घेऊन, तेथे येतात. शहराने स्वतः काय शिकवले हे पाहायचे असेल तर त्या शहरात वाढणारी मुले पाहिली पाहिजेत. अमेरिकेत चौथी आणि आठवीच्या मुलांची जी राष्ट्रीय चाचणी होते, तिच्यात वॉशिंग्टनच्या सार्वजनिक शाळांची सरासरी, पुष्कळ सुधारणा होऊनही, देशाच्या सरासरीच्या खालीच राहत आली आहे. एकाच शहराचे हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेव आणि थोडा वेळ त्यांच्याकडे बघ. तेथे येऊन कोण राहते हे पहिल्यावरून कळते, आणि तेथे जन्मलेल्याला काय मिळते याचा थोडाफार अंदाज दुसऱ्यावरून येतो. आपण सगळेच पहिला आकडा वाचतो आणि निष्कर्ष मात्र दुसऱ्याविषयी काढतो. कॅनबेराचेही तसेच आहे. ते शहर राजधानीसाठी म्हणूनच वसवले गेले, संसद १९२७ मध्ये तेथे गेली, आणि ऑस्ट्रेलियात पदवीधरांचे प्रमाण आज तेथेच सर्वाधिक आहे, कारण पदवी मागणाऱ्या सरकारी नोकऱ्या हाच त्या शहराचा मुख्य व्यवसाय आहे.

उलट बाजूची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. जर्मनीत राज्याराज्यांतील विद्यार्थ्यांची तुलना नियमितपणे होते. तिच्यात बव्हेरिया आणि सॅक्सनी वर असतात, तर राजधानी बर्लिन, जे स्वतःच एक राज्य आहे, वारंवार तळाच्या राज्यांत सापडते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत दिल्लीची साक्षरता ८६ टक्के होती, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा बरीच चांगली; पण राजधानीपासून दूर देशाच्या दोन टोकांना असलेल्या केरळची ९४ आणि मिझोरमची ९१ टक्के होती. साक्षरता म्हणजे शिक्षण नव्हे, असे तू म्हणशील. मान्य आहे, पण मग पदवी म्हणजे तरी शिक्षण का धरायचे?

लंडनचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तेथे शहर तेच राहिले आणि निकाल बदलला. विसाव्या शतकाच्या अखेरीस अंतर्लंडनमधील शाळांचे निकाल इंग्लंडमध्ये खालच्या पातळीवर होते. पुढच्या दीडएक दशकात लंडनची मुले, आणि त्यांतही गरीब घरची मुले, देशातील इतर सर्व प्रदेशांच्या पुढे गेली. वस्तुसंग्रहालये आधीही होती, ग्रंथालये आधीही होती, संसद तर शतकानुशतके तेथेच होती. मग बदलले काय? याविषयी संशोधकांत वाद आहे. काही जण २००३ पासून राबवलेल्या योजनेला श्रेय देतात, जिच्यात दुबळ्या शाळांना अनुभवी मुख्याध्यापकांची सोबत मिळाली आणि प्रत्येक शाळेच्या कामगिरीवर बारकाईने नजर ठेवली गेली. काही जण स्थलांतरित कुटुंबांच्या जिद्दीकडे बोट दाखवतात. काहींच्या मते खरी सुधारणा त्याआधी प्राथमिक शाळांतच सुरू झाली होती. मी कोणत्या बाजूची आहे हे तू ओळखशीलच, पण वाद अजून मिटलेला नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. राजधानी असणे हे मात्र त्या बदलाचे कारण असू शकत नाही, कारण तो गुण निकाल वाईट असतानाही लंडनच्या अंगी होताच.

आता माझे म्हणणे. माणूस शिकतो तो त्याची चूक कोणीतरी दाखवून दिली आणि ती त्याला स्वतः दुरुस्त करावी लागली तेव्हा. बाकी सारे, म्हणजे व्याख्याने, प्रदर्शने, ग्रंथांची दालने, थोरांचे दर्शन, हे चांगलेच आहे. पण ते तुझ्या समोरून जाते आणि तू जसा होतास तसाच राहू शकतोस. म्हणून कोणत्याही गावाविषयी, विद्यापीठाविषयी किंवा नोकरीविषयी माझा एकच प्रश्न असतो: तेथे तुझी चूक कोण दाखवणार?

सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्म जीव पाहणाऱ्या, हॉलंडमधील डेल्फ्टच्या लेवेनहूकचे चरित्र तू वाचले असशील. कापडाचा व्यापारी, विद्यापीठाचा वारा नाही, लॅटिन येत नाही. १६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला डच भाषेत पत्रे लिहू लागला आणि पुढे पन्नास वर्षे लिहीत राहिला. पाण्यात दिसलेल्या सूक्ष्म जीवांविषयी त्याने १६७६ मध्ये कळवले तेव्हा त्याच्यावर सहजासहजी कोणी विश्वास ठेवला नाही. त्याला साक्षीदारांची निवेदने पाठवावी लागली, आणि १६७७ मध्ये रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने तेच जीव स्वतः पाहिल्यावर त्याचे म्हणणे मानले गेले. राजधानीचा त्याला उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण उपयोग झाला तो तेथे त्याचे पत्र वाचून शंका घेणारी माणसे होती म्हणून, आणि त्यासाठी त्याला डेल्फ्ट सोडावे लागले नाही. रामानुजनने १९१३ च्या जानेवारीत मद्रासहून केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले, त्याआधी केंब्रिजमधल्याच इतर गणितज्ञांकडून त्याच्या पदरी काही पडले नव्हते. विद्यापीठ तेच, कीर्ती तीच. फरक एवढाच की हार्डी यांनी ती पाने घेऊन बसण्याचे कष्ट घेतले आणि त्यांत अचंबित करणारे काय आहे, तसेच मूळ संख्यांविषयीचे दावे कोठे चुकले आहेत, हे दोन्ही शोधून काढले. आणि केंब्रिज ही कशाचीही राजधानी नाही, हे जाता जाता लक्षात घे. एवढेच कशाला, भारताची राजधानी हलवण्याची घोषणा १९११ मध्ये झाली तरी देशाचे राष्ट्रीय ग्रंथालय आजही कोलकात्यातच आहे.

विद्युतशास्त्रज्ञ फॅरडेचे नाव तू माझ्याविरुद्ध काढशील, म्हणून मीच काढते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा हा मुलगा लंडनमध्ये नसता तर १८१२ मध्ये डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे त्याच्या हाती पडली नसती, हे खरे आहे. पण त्या व्याख्यानांना बसलेल्या शेकडो श्रोत्यांपैकी किती जणांनी त्यांची टिपणे नीट उतरवून, बांधून, वक्त्याकडेच पाठवली? शिवाय त्याच फॅरडेने चारदोन मित्रांचे एक मंडळ जमवले होते, ज्यात ते एकमेकांचे वाचन ऐकत आणि उच्चारांपासून वाक्यरचनेपर्यंतच्या चुका काढत. शाळा अर्धवट सुटलेल्या त्या मुलाला लंडनने ऐकण्याची संधी दिली. तपासून घेण्याची सोय त्याने स्वतः उभी केली. तुझ्या शहरात असे चार मित्र मिळणार नाहीत, असे मला सांगू नकोस.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचे उदाहरण मात्र मला अडचणीचे आहे. वाटाण्यांचे प्रयोग त्याने ब्रनोच्या मठात केले, हे सांगून लहान गावांचे गुणगान करणारे लोक पुष्कळ भेटतात. पण १८५१ ते १८५३ या काळात तो व्हिएन्नात, म्हणजे राजधानीतच, डॉप्लरसारख्यांच्या हाताखाली भौतिकशास्त्र शिकला होता, आणि जीवशास्त्रात मोजमापाची जी शिस्त त्याने आणली तिचे मूळ तेथे आहे, हे ते सांगत नाहीत. मी सांगते. त्याचबरोबर हेही सांगते की तो व्हिएन्नाला गेला तो शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाल्यावर, आणि त्याला तेथे पाठवा असे सुचवणारा माणूस त्याच्या परीक्षकांपैकीच एक होता. कोणीतरी त्याची उत्तरे वाचली होती. उलट १८६६ मध्ये त्याचा निबंध छापून निरनिराळ्या शहरांतील ग्रंथालयांत, राजधान्यांतील संस्थांतही, पोचला, आणि १९०० पर्यंत त्याचे मोल कोणाला कळले नाही. कपाटात पोचणे आणि वाचले जाणे यांत चौतीस वर्षांचे अंतर पडले.

माझ्याविषयी तू विचारले आहेस, तर तेही लिहिते. तरुणपणी मी राजधानीत शिकले. व्याख्याने ऐकली, ज्यांची नावे पुस्तकांवर पाहिली होती त्यांना जवळून पाहिले, आणि रात्री खोलीवर परतल्यावर आपण काहीतरी झालो आहोत असे वाटत असे. माझा प्रबंध मंजूर होऊन परत आला तेव्हा त्याच्या शेवटच्या पानावर सही होती आणि आधीच्या एकाही पानावर एकही खूण नव्हती. त्या दिवशी मला आनंद झाला होता, याची मला आज खंत वाटते. पुढे एका लहान गावातील छापखान्यात माझे हस्तलिखित एका वयस्क मुद्रितशोधकाच्या हाती गेले. त्यांनी ते प्रश्नांनी भरून परत पाठवले: हा आकडा कोठून आला, हे वाक्य आधीच्या वाक्याला छेद देत नाही का, येथे नेमके काय म्हणायचे आहे. राजधानीतल्या साऱ्या वर्षांत मला जे कोणी विचारले नव्हते ते त्या माणसाने विचारले, आणि मी त्या हस्तलिखिताचे बरेचसे पुन्हा लिहिले.

म्हणूनच नंतर राजधानीतील जागा चालून आली तेव्हा मी ती घेतली नाही. मी घाबरले असे काही जण म्हणाले, काहींनी त्याला त्याग म्हटले. दोन्ही मला तितकेच चीड आणणारे आहे. तेथे मला समित्यांवर बसायचे होते. येथे माझ्यासमोर वह्या होत्या. ती जागा घेणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात आणि माझे येत नाही, हे मला टोचत नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्या मुलांच्या वह्या मी लाल केल्या त्यांतील काही जण आज दुसऱ्यांच्या वह्या लाल करतात, आणि हा हिशेब मी कोणालाही दाखवायला तयार आहे. मी येथे स्वतःचीच बाजू मांडते आहे असे तुला वाटेल. वाटू दे. पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी हेच करीन.

जागेचा काहीच परिणाम होत नाही, असा अर्थ यातून काढू नकोस. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात एक प्रयोग झाला; अत्यंत गरीब वस्तीतील कुटुंबांपैकी काहींना सोडतीने निवडून बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी मदत दिली गेली. जी मुले तेरा वर्षांची होण्याआधी हलली, त्यांची मोठेपणीची कमाई सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाली आणि महाविद्यालयात जाण्याचे प्रमाणही वाढले. घराजवळ महाविद्यालय असले की मुले, विशेषतः गरीब घरची मुले, अधिक शिकतात, हेही डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवले. पण नीट वाच: एके ठिकाणी वस्ती आहे, दुसऱ्या ठिकाणी महाविद्यालय आहे, राजधानी कोठेच नाही. ज्या मुलाच्या आसपास शाळाच धड नाही, त्याने मिळेल त्या गाडीने शहर गाठावे, मी त्याला अडवणार नाही. तू तो मुलगा नाहीस. तुझ्याकडे तपासणारे माणूस आहे, आणि ते सोडून तू वातावरणाच्या शोधात निघाला आहेस.

तेव्हा प्रवेशाची मुदत संपण्याआधी त्या महाविद्यालयाला एक पत्र लिही. माझे लेखन कोण वाचणार, किती दिवसांत परत देणार आणि दुरुस्त केलेला मसुदा पुन्हा पाहणार का, एवढेच विचार. उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले तर खुशाल जा. मी तुझ्या घरच्यांची समजूत घालीन, आणि तुझ्या बाईंना राग येणार नाही याचीही हमी देते. उत्तरात इमारतीचे, ग्रंथालयाचे आणि माजी विद्यार्थ्यांचे वर्णन आले तर ते पत्र मला पाठव, आपण दोघे मिळून वाचू. दरम्यान, राजधानीविषयीचा तो निबंध, ज्यातील आकडे तू मला कळवलेस, तो पूर्ण करून पाठव. कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत भरपूर जागा सोडून लिही, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोठून घेतला ते नोंदव. परत यायला काही आठवडे लागतील, आणि आल्यावर पहिली चार पाने तरी तुला नव्याने लिहावी लागतील, कारण त्यांची चूक मी वर सांगितलीच आहे.