ग्रंथालयातल्या विद्यार्थ्यांना तासाला किती द्यायचे?

प्रश्न : मी गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली यंदा काही एम. ए., एम. एस्सी.चे विद्यार्थी रोज तीन तासांसाठी घ्यायचे आहेत. लेखा विभाग म्हणतो, तासाला ५० रुपये लावा, कागदावर ‘मानधन’ लिहा आणि मुलांकडून संमतीपत्र घ्या, म्हणजे किमान वेतनाचा प्रश्नच येत नाही. इकडे पदव्युत्तर मुलं म्हणतात, आम्हाला बी. ए.च्या मुलांपेक्षा जास्त हवेत. दराची टिपणी माझ्या सहीने जाणार आहे. मी अडकेन का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : टिपणी अजून तुमच्याच टेबलावर आहे, तोवर विचारलंत हे बरं केलंत. ‘मानधन’ आणि संमतीपत्र या दोन्ही पळवाटा टिकणाऱ्या नाहीत, हे आधीच सांगतो. ५० रुपयांचं पुढे बघू.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८चा किमान वेतन कायदा इतिहासजमा झाला. जुन्या कायद्याला रोजगारांची अनुसूची होती आणि आपलं काम तीत बसतं की नाही, यावरच निम्मे वाद चालत. संहितेने ती भानगड ठेवली नाही. माणूस मोबदल्यासाठी कुशल, अकुशल, कारकुनी किंवा तांत्रिक काम करतो का, एवढंच आता बघायचं. तुमची मुलं काउंटरवर पुस्तकं देतात-घेतात, परत आलेली पुस्तकं क्रमांक बघून रॅकवर लावतात, कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत नोंदी भरतात, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवायचे प्रबंध तपासतात. यातलं कोणतं काम या व्याख्येबाहेर राहतं, मला तरी दिसत नाही. १९६१च्या कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार वगळले आहेत, पण तुमची मुलं ते नव्हेत. ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी श्रेयांकांसाठी प्रात्यक्षिक करत असेल तर त्याची गोष्ट निराळी. त्याला या योजनेत मिसळूच नका.

विद्यापीठ म्हणजे काय कारखाना आहे, असं कोणीतरी म्हणेलच. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ हा ‘उद्योग’ नाही, हे म्हणणं मान्यही केलं होतं. पण १९७८च्या बेंगळुरू पाणीपुरवठा निकालाने ते मोडीत काढलं. मग गोव्यातूनच गेलेला १९८८चा सुंदरांबल निकाल पुढे केला जाईल. त्यात एका शिक्षिकेला औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ मानायला न्यायालयाने नकार दिला. मात्र तो निकाल पुरता वाचा. शिक्षणसंस्था हा उद्योग आहे, हे त्यात मान्यच आहे. शिकवणं हे कारकुनी किंवा अंगमेहनतीचं काम नाही, म्हणून शिक्षिका बाहेर राहिली. काउंटरवर बसून पुस्तकं नोंदवणारा मुलगा काय शिकवतो?

‘योजना मुलांच्या मदतीसाठीच आहे’ हा युक्तिवाद ऐकायला गोड लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेतलं की सभागृहात टाळ्याही पडतात. पण राजस्थानात दुष्काळी कामावरच्या मजुरांना मदतीच्या नावाखाली किमान वेतनापेक्षा कमी पैसे दिले, तेव्हा १९८३च्या संजित रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनेच्या २३व्या कलमाखाली वेठबिगारी म्हटलं. मदत करायची तर किमान वेतनाच्या वर करा. संमतीपत्राचं तर बोलूच नका. किमान दराखाली काम करायला कोणी राजीखुशीने सही केली, तरी तो करार कायद्याच्या लेखी शून्य.

आता दर. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं किंवा खासगी असेल तर गोवा सरकारचे दर लागतात, केंद्राच्या कायद्याने झालेली संस्था असेल तर केंद्राचे. जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तर, नव्या येईपर्यंत चालू राहतात. शेवटच्या अधिसूचनेतला मूळ दर घ्या, त्यात महागाई भत्ता मिळवा (लेखा विभाग नेमका हाच विसरतो) आणि ८ने भागा. निव्वळ हिशेबापुरतं, एकूण रोज ५६० धरला तर तासाचे ७० होतात. तुमचे ५० म्हणजे आठ तासांचे ४००. हा आकडा अकुशलच्या रकान्याशेजारी ठेवा, मग लेखा विभागाशी बोला.

एक खड्डा मात्र सांभाळा. दर दिवसावर ठरलेला असेल आणि माणसाला कमी तास काम दिलं, तर तो पूर्ण दिवसाचं वेतन मागू शकतो. कमी तास त्याच्या स्वतःच्या अनिच्छेमुळे असतील तरच त्यातून सुटका. म्हणून प्रत्येकाकडून त्याच्या हाताने लिहिलेला अर्ज घ्या, की लेक्चर आणि प्रबंधामुळे मला रोज तीनच तास जमतील. नेमणूकपत्रातही दर तासावर आहे हे स्पष्ट लिहा. सर्व्हर बंद पडला म्हणून आलेल्या मुलाला दारातून परत पाठवलंत, तर त्याची पाळी भरलेली धरा.

हजेरीपटाकडेही जरा बघा. वही सांगते आठ वाजता सुटी, पण मुलगा टेबलावरची पुस्तकं गोळा करून, पंखे-दिवे बंद करून, चावी पहारेकऱ्याकडे देऊन आठ वीसला बाहेर पडतो. ती वीस मिनिटंही कामाचीच. वर पेडण्याची कदंबची बस चुकली तर तो बिचारा स्टँडवर ताटकळतो.

पदव्युत्तर मुलांच्या मागणीबद्दल : कायदा काम बघतो, पदवी नाही. एम. एस्सी.ची मुलगी रॅकच लावत असेल तर तिचा किमान दर रॅक लावणाऱ्याचा. तीच तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) किंवा जुन्या वृत्तपत्रांच्या डिजिटल नोंदी करत असेल तर कौशल्याचा वरचा वर्ग लावा, मग ती बी. ए.ला का असेना. कामांचे दोन गट पाडून तसे दर मांडा, वाद तिथेच मिटेल. ज्यांना फेलोशिप आहे, त्यांच्या मंजुरीपत्रात दुसऱ्या मानधनाला बंदी आहे का, हे आधी बघा. नाहीतर तुमच्या दोन पैशांपायी त्यांची फेलोशिप अडकायची.

पैसे मासिक असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत खात्यात जायला हवेत. ‘सत्र संपलं की बिल पास करू’ हा आपल्याकडचा शिरस्ता कायद्यात बसत नाही.

तुम्ही अडकाल का? वेतनाची जबाबदारी मालकाची, म्हणजे संस्था चालवणाऱ्यांची. दंडही त्यांनाच, पहिल्या खेपेला ५०,००० रुपयांपर्यंत. पण कमी दराची शिफारस तुमच्या सहीची असेल, तर माहितीच्या अधिकारात पहिला कागद तोच बाहेर येईल आणि वरचे तुमच्याकडे बोट दाखवून मोकळे होतील. गेल्या वर्षीही ५०च दिले असतील तर तेही डोक्यात ठेवा. मुलं तीन वर्षांपर्यंत फरक मागू शकतात, आणि दावा ऐकणारा अधिकारी विद्यापीठाला वर दहापटीपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. पूर्ण वेतन दिलं हे सिद्ध करायचं ओझं विद्यापीठावर, मुलांवर नाही. फरकाची रक्कम मोठी नसेल. ती आपणहून देऊन टाकावी, असं टिपणीतच सुचवा.

टिपणीला अधिसूचनेची प्रत जोडा. वर्गाबद्दल शंका असेल तर पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांना लेखी विचारा आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःच्या फाइलला लावा. त्यानंतरही ५०च लावा म्हणाले, तर ‘वरील तरतुदींकडे लक्ष वेधले असून आदेशानुसार सादर’ असा शेरा लिहून मगच सही करा.