कूलंटच्या बाटलीत तपकिरी चिखल साचलाय. फ्लश मारावा की रेडिएटरच बदलावा?

दोन्ही लगेच करू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी नऊ वर्षांची डिझेल, ठाण्याच्या घोडबंदर रोडला तापमानाचा काटा वर चढतो, एक मेकॅनिक फ्लश मारून (म्हणजे जुनं कूलंट काढून आतून पाण्याने धुवून) देतो म्हणतोय आणि दुसरा रेडिएटर बदला म्हणतोय. यातल्या कोणी तो चिखल बोटावर घेऊन बघितला का, हे मात्र तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. मी बरीच वर्षं वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉपचं काम बघितलं. चिखल कशाचा आहे हे न बघता फ्लश मारलेली गाडी महिन्याभरात परत येते, आणि गिऱ्हाईकाला पैसेही परत द्यावे लागतात.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बाटलीतला थोडा चिखल काढा, काचेच्या ग्लासभर पाण्यात टाका आणि तासाभराने बघा. खाली लालसर गाळ बसला आणि तो बोटांना खरखरीत लागला, तर गंज. वर तवंग आला आणि हात साबणाशिवाय सुटेना, तर ऑइल. तवंगही नाही, गाळही नाही, नुसते चिकट गोळे असतील, तर बहुधा दोन जातींची कूलंट एकत्र झाली आहेत.

गंज असेल तर सुटलात. कूलंट कमी झालं की वॉचमनकडून बाटलीभर पाणी घेऊन ओतायची आपल्याकडे सवयच आहे, आणि घोडबंदर पट्ट्यात ते पाणी बऱ्याचदा टँकरचं किंवा बोअरचं असतं. त्यातले क्षार आत थर धरतात. हल्लीचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, त्यामुळे लाल गंज तिथला नसतो, तो इंजिनच्या बिडाच्या ब्लॉकमधून (इंजिनच्या मुख्य सांगाड्यातून) येतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. 'इथे कुठे बर्फ पडतो, साधं पाणी चालतं' असं सांगणारा मेकॅनिक अगदीच खोटं बोलत नसतो. उष्णता वाहून न्यायला साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. पण गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्ये असतात, नळाच्या पाण्यात नाही.

गोळ्यांचं कारण रंगावर ठेवलेला विश्वास. हिरव्यात हिरवं, लालात लाल, असा हिशेब लोक करतात. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटवाल्या कूलंटमध्ये ऑरगॅनिक ॲसिडवालं पडलं की गोळे होऊ शकतात, मग दोघांचा रंग एक का असेना. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघूनच डबा घ्या.

ऑइल निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. सगळे लगेच 'हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं' म्हणतात आणि हेड खोलायची तयारी सुरू होते. डिझेल गाडीत मी आधी ऑइल कूलर, म्हणजे कूलंटने ऑइल गार करणारा भाग, बघायला लावेन. तो बहुतेक गाड्यांत ऑइल फिल्टरजवळच बसवलेला असतो, पातळ पत्र्याच्या एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने कूलंट. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे पत्रा किंवा त्याचं सील फुटलं की ऑइल कूलंटमध्ये घुसतं, आणि डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल स्वच्छच दिसतं. मालक डिपस्टिक बघून निर्धास्त राहतो आणि इकडे बाटलीत मलईसारखा थर चढत जातो. उलट, ऑइलच्या झाकणाखाली जरासा पांढुरका थर दिसला म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात नुसती घर ते स्टेशन फिरणाऱ्या गाडीत तो वाफेमुळेही येतो.

ऑइल मिसळलं असेल तर गळती बंद केल्याशिवाय फ्लशला हात लावू देऊ नका. शिवाय होज पाईप दाबून बघा. त्यांचं रबर ऑइलने फुगतं आणि मऊ पडतं. असे पाईप बदलावेच लागतात, नाहीतर एखाद्या घाटात फुटतील.

आता रेडिएटर. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर आधी फॅन आणि त्याचा स्विच तपासा. वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्या. तुमचा काटा घोडबंदरला वर जातो म्हणताय, पण तिथे गाडी चालते कमी आणि उभी जास्त, म्हणून एकदा पहाटे मोकळ्या रस्त्यावर नेऊन बघा.

फ्लश करताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून घ्यायला सांगा, नाहीतर गार पाण्यात तो बंदच राहतो आणि ब्लॉक धुतलाच जात नाही. एसीचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. गाडीचा हीटर याच कूलंटवर चालतो. ठाण्यात हीटर कोणी लावत नाही, म्हणून काही गाड्यांत जुना चिखल हीटरच्या नळ्यांत तसाच राहतो. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने आत पाणी मारू देऊ नका, हीटर फुटतो. साध्या होजने, उलट्या दिशेने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गंजाला फ्लशचं केमिकल चालतं, ऑइलला ग्रीस तोडणारं आणि कमी फेस करणारं लागतं. शेवटचं पाणी डीएम वॉटरचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं.

निघालेलं कूलंट डब्यात धरायला लावा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारीही, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. गटारात ओतलं तर जाणार खाडीतच.

भरताना एक चूक जवळपास सगळीकडे होते. फ्लशचं बरंच पाणी ब्लॉकमध्ये अडकून राहतं, त्यावर तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. त्यापेक्षा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. गाडीत ५ लिटर मावत असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आणि उरलेलं डीएम वॉटर. मग झाकण उघडं ठेवून, काटा बघत, फॅन लागेपर्यंत इंजिन चालवून हवा काढायची. झाकण जुनं असेल तर नवीन घ्या. १ बारच्या झाकणाखाली पाणी सुमारे १२० अंशाला उकळतं, दाब न धरणाऱ्या झाकणाखाली १०० लाच.

आठवड्याने बाटली बघा. थोडा तपकिरी रंग आला तर उरलेला गंज सुटतोय, पुन्हा एकदा रिकामं करून भरा. पातळी कमी होतेय पण खाली थेंब नाही, असं झालं तर हेड खोलायच्या आधी ब्लॉक टेस्ट करून घ्या. त्यात कूलंटवरची हवा निळ्या द्रावणातून ओढतात आणि इंजिनच्या सिलिंडरमधला जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर रंग बदलतो.