फोटोपुढे दोनदा डोके टेकतात ते का?

जोडीदार गेल्यावर पुन्हा मन जुळण्याच्या कोरियन मालिकांविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी ही काही. जिथे कथेचा शेवट उघड होतो, तिथे तसे आधी सांगितले आहे.

अंबाजोगाई : नायकाची बायको वारलेली. तो नव्या मैत्रिणीला घेऊन एका हॉलमधल्या काचेच्या कपाटापुढे उभा राहतो, आतल्या फोटोशी दोन शब्द बोलतो. पुढच्या भागात सगळे असे बोलायलेत, जसं यांचं लग्न ठरलंच. मधलं काही निसटलं का?

निसटले काहीच नाही, ठरले ते त्या कपाटापुढेच. त्या जागेला बोंगआनदांग म्हणतात, जुन्या मालिकांत नापगोलदांग असाही शब्द येतो. कोरियात आता बहुतेक ठिकाणी दहन होते. राख कलशात भरून तो कलश भिंतीतल्या एका खणात ठेवतात. खणाला काचेचे दार, आत फोटो, एखादी आवडीची वस्तू, काचेवर बाहेरून चिकटवलेली छोटी फुले. आपण अस्थी पैठणला किंवा गंगाखेडला गोदावरीत सोडतो आणि मोकळ्या हाताने घरी येतो. गेलेल्या माणसाला भेटायला जावे अशी जागा आपल्याकडे उरत नाही, भिंतीवरचा हार घातलेला फोटो तेवढा राहतो. तिकडे गेलेल्या माणसाला पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर नव्या माणसाला नेणे म्हणजे 'ही आता माझ्या घरची' असे पहिलीला कळवणे. लग्नाच्या मागणीपेक्षा हा प्रसंग मोठा धरावा.

अंत्यविधीचे प्रसंगही असेच बारकाईने बघावेत. ते घरी होत नाहीत. रुग्णालयालाच जोडून शोकगृह असते आणि विधी तीन दिवस चालतो. मृत्यूचा दिवस पहिला धरतात, तिसऱ्या दिवशी सकाळी दहन किंवा दफन होते. येणारा माणूस फोटोपुढे दोनदा जमिनीवर डोके टेकतो, मग घरच्यांकडे वळून एकदा. जिवंत माणसाला एक, गेलेल्याला दोन, हा हिशेब पक्का असतो. त्यामुळे नायक सासऱ्यांपुढे एकदा वाकतो तेव्हा त्याने मान कमी दिला असे समजू नये. घरच्या बायकांच्या केसांत छोटी पांढरी फीत, कर्त्या पुरुषाच्या दंडावर पट्टी. पांढऱ्या पाकिटात पैसे देतात, पन्नास हजार किंवा एक लाख वॉन. आकडा ऐकून दचकू नका, वॉनचे मोल रुपयापेक्षा बरेच कमी आहे.

जेवणाची रीत मात्र आपल्या उलट. आपल्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून घास भरवतात. तिकडे दुःखातले घरच आल्यागेल्याला जेवू घालते. लालभडक तिखट रस्सा असतो, युकगेजांग. त्यात गोमांस, नेच्याचे कोवळे कोंब, अळूचे वाळवलेले देठ आणि कांद्याची भरपूर पात. पाहुणे जेवतात, घरचा माणूस वाढत राहतो आणि स्वतः उपाशी. म्हणून कुणी त्याच्यापुढे वाडगा सरकवून 'दोन घास खा' म्हणते, त्या व्यक्तीवर नजर ठेवा. पटकथा लिहिणारे पुढच्या नात्याची पहिली गाठ बऱ्याचदा तिथेच मारतात.

हिंगोली : दुसरी बायको पहिलीच्या श्राद्धाचं ताट मांडते, हे खरंच होतं का की मालिकेपुरतं?

होते. या वार्षिक विधीला जेसा म्हणतात. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालायची रीत आपल्याही जुन्या घरांत होती, आणि अविधवा नवमीला पहिलीचे पान वाढणारी दुसरी बायको अनेक घरांनी पाहिली आहे.

जेसाच्या ताटात भात, सूप, मासा, मांस, फळे असतात. लाल तिखट आणि लसूण वापरत नाहीत, पीचचे फळ ठेवत नाहीत, कारण या गोष्टींनी आत्मे दूर पळतात अशी समजूत आहे. लाल फळे पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. मद्य ओतून झाले की भातात चमचा उभा रोवतात. थोडा वेळ सगळे बाजूला होतात, म्हणजे आलेल्याला निवांत जेवता यावे. आपण कावळा शिवायची वाट बघतो, तसाच हा थांबण्याचा वेळ. नंतर तेच अन्न घरचे खातात. आता मालिकेत नव्या सुनेने ताटात पीच ठेवला किंवा भाजीत लसूण घातला आणि सासू गप्प झाली, तर ते तेवढ्यासाठी. उपशीर्षकात याचा खुलासा सहसा येत नाही. आणि चालू जेवणात कुणी भातात चमचा किंवा चॉपस्टिक उभी रोवली की मोठी माणसे रागावतात, त्याचेही कारण हेच.

परभणी : यांच्यात बाई विधवा आहे हे कळतं तरी कसं? चार भाग झाले तरी आम्हाला पत्ता नव्हता.

कळू नये अशीच रचना असते. कोरियन बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळावर कुंकू नाही. म्हणून नवरा गेल्यावर अंगावरून काढून घेण्यासारखे काही नसते, फार तर बोटातली अंगठी. आपल्याकडे कपाळ आणि गळा बघून बाईची सगळी कहाणी गावाला कळते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने या प्रथांविरुद्ध ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले, ते याच अंगावरच्या खुणांसाठी.

तिकडे दुःख घरातल्या वस्तूंत लपवतात. दाराशी पुरुषाच्या बुटांचा जोड, पण घरात पुरुष नाही. कपात दोन टूथब्रश. फोनमध्ये न पुसलेला नंबर, त्यावर साठवलेला आवाज. वाढदिवसाला एकटीने केलेले समुद्रशेवाळाचे सूप, जे तिकडे वाढदिवसाला आवर्जून करतात. पहिल्या दोन भागांत कॅमेरा अशा वस्तूवर दोन सेकंद जास्त थांबला की ते लक्षात ठेवायचे. आणि बूट दारातून कपाटात कधी गेले, हे बघायचे. चांगल्या मालिकेत ते कुणी बोलून दाखवत नाही.

जालना : 'ओप्पा' आणि 'आजुशी' यात फरक काय?

ओप्पा म्हणजे मुलीने थोरल्या भावाला किंवा जवळच्या मोठ्या मुलाला मारलेली हाक. आजुशी म्हणजे काका, तोही अनोळखी चालतो. पण दुसऱ्या प्रेमाच्या कथेत या हाकांपेक्षा क्रियापद महत्त्वाचे. दोन प्रौढ माणसे कितीतरी भाग एकमेकांशी आदरार्थी बोलतात, मग एक जण विचारतो, 'बोलणं सैल करू का?' आपल्या 'अहो'चे 'अरे' होते तसा तो क्षण. इंग्रजी उपशीर्षकात दोन्हीकडे एकच शब्द येतो आणि क्षण हातचा जातो. हिंदी डबिंग असेल तर 'आप'चे 'तुम' कुठे झाले ते ऐका.

नांदेड : कोरियातही विधवाविवाहाला विरोध होता का? आजची मालिकेतली सासू एवढी का अडते?

होता, आणि तो कायद्याने होता. जोसोन राजवटीच्या १४८५ च्या संहितेत पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मुलांना सरकारी परीक्षांची दारे बंद होती. बाईला थेट मनाई करण्याची गरजच उरली नाही, मुलाचे भविष्य गहाण ठेवले की आई स्वतःच थांबते. ही अट घराण्याची अब्रू म्हणून वरच्या थरात घट्ट बसली. १८९४ च्या गाबो सुधारणांत विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. महर्षी कर्व्यांनी पुण्यात विधवेशी लग्न केले ते १८९३ मध्ये, म्हणजे एकाच वर्षाचे अंतर. आपल्याकडेही अब्रूचे ओझे वरच्या जातींवर जास्त होते. कितीतरी समाजांत पाट किंवा मोहतूर लावून बाईचा संसार पुन्हा उभा राहत असे, फक्त त्या लग्नाला पहिल्या लग्नाचा मान नसे.

मालिकेतल्या सासूचा अडसर समजायला अलीकडचा कायदा उपयोगी. लग्न मोडल्यावर किंवा नवरा गेल्यावर बाईने सहा महिने लग्न करू नये, ही अट कोरियात २००५ पर्यंत कायद्यात होती. घराचा प्रमुख पुरुषच, अशी नोंदीची पद्धत १ जानेवारी २००८ ला संपली. त्यानंतरच आईच्या नव्या नवऱ्याचे आडनाव मुलाला न्यायालयाच्या परवानगीने लावणे शक्य झाले. म्हणून त्याआधीच्या मालिकांत शाळेच्या हजेरीत मुलाचे आणि बापाचे आडनाव जुळत नाही आणि वर्ग वळून बघतो. 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' (२०१९) मध्ये नायकाची आई अडून बसते, तेव्हा ती स्वतः विधवा आहे, खेकड्यांचे हॉटेल चालवून तिने तीन मुलगे वाढवले आहेत. एकटीने लेकरू वाढवणाऱ्या नायिकेवर तिची माया आहे, तरी सून म्हणून नको. तिला खलनायिका म्हणून बघाल तर त्या मालिकेचा अर्धा ऐवज वाया जाईल.

औसा : भूकंपात माणसं गेलेल्या घरातले आहोत आम्ही. अपघातात वाचलेल्या दोघांची मालिका आहे म्हणतात. बघावी का?

ती 'जस्ट बिटवीन लव्हर्स'. डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ मध्ये प्रसारित झाली, १६ भाग. एक मॉल कोसळतो. ढिगाऱ्याखालून वाचलेला मुलगा आणि मुलगी मोठेपणी त्याच जागेवरच्या नव्या बांधकामावर भेटतात. त्याचे वडील गेलेले, तिची धाकटी बहीण. कथा कल्पित आहे, पण कोरियन प्रेक्षकाला ती बघताना सोलमधले साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर आठवते. ते २९ जून १९९५ ला संध्याकाळी कोसळले आणि ५०२ माणसे गेली. तुळयांशिवायचा सपाट स्लॅब, ८० सेंटिमीटरच्या जागी ६० सेंटिमीटरचे खांब, मूळ आराखड्यात नसलेला पाचवा मजला, गच्चीवर सरकवलेली वातानुकूलनाची अवजड यंत्रे. भेगा दिसत होत्या, तरी दुकान चालू ठेवले. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद झोपेतल्या माणसांवर आले. तिथे धरणी हलली, सोलमध्ये माणसांचा लोभ नडला. मागे राहिलेल्यांच्या मनात रुतणारा प्रश्न दोन्हीकडे एकच : मी का वाचलो?

मालिका हा प्रश्न सोडून पळत नाही, म्हणून ती तुम्हाला झेपेल तर जरूर बघा. नायिकेच्या आईवडिलांचे वेगळे होणे, आईचे पिणे, नायकाची न सुटणारी शारीरिक वेदना, हे सारे प्रेमकथेइतकीच जागा घेते. स्मारक कुठे आणि कसे असावे, यावरचा वाद कथेच्या गाभ्याशी आहे. साम्पुंगचे खरे स्मारकही कोसळल्या जागेवर नाही. तिथे उंच निवासी इमारती झाल्या आणि स्मारक दूर यांगजे भागातल्या उद्यानात गेले. जुने गाव एकीकडे आणि पुनर्वसनाचे गाव दुसरीकडे, हे तुम्ही जवळून पाहिलेले आहे.

खबरदारी एवढीच. इमारत कोसळतानाची आणि ढिगाऱ्याखालची दृश्ये पहिल्याच भागापासून तुकड्यातुकड्याने येतात, आवाजासह. पहिला भाग दिवसा, कुणाला सोबत घेऊन, आवाज कमी ठेवून बघा. छातीत धडधड वाढली, झोप उडाली, तर पुढे रेटू नका. चार दिवसांनी झोप पूर्ववत झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना न सांगता मालिका लावू नये, विशेषतः सप्टेंबरअखेरीला.

बीड : सगळं जुळलं की चौदाव्या भागात दोघं वेगळी होतातच. कंटाळा येतो.

१६ भागांच्या मालिकेचा हा ठरलेला सांगाडा आहे. भाग साधारण तासाभराचा ते सव्वा तासाचा, आठवड्याला दोन, एकूण आठ आठवडे. आठव्या भागाच्या आसपास दोघे कबुली देतात. मग उरलेल्या आठ भागांना ताण हवा, तो १३-१४ मध्ये येतो. पूर्वी प्रसारण चालू असताना रोज थोडीथोडी पाने लिहून चित्रीकरण होत असे, त्यामुळे ताण आणायला योगायोग हाताशी येई. 'विंटर सोनाटा' (२००२) मध्ये मेलेला समजलेला प्रियकर स्मृती गमावून परततो, शिवाय ते दोघे भाऊबहीण निघतील की काय अशी भीतीही घातली आहे. २०१८ नंतर कामाच्या आठवड्याला ५२ तासांची मर्यादा आली आणि आधीच लिहून चित्रित केलेल्या मालिका वाढल्या, तसा हा दोष कमी झाला.

वियोग कशामुळे होतो, यावरून मालिका जोखा. नवा प्रियकरच पहिल्याच्या अपघाताला कारण निघाला, तर तो लेखकाचा आळस. आपण सुखी झालो म्हणजे गेलेल्याला विसरलो, या भीतीने माणूस स्वतःच मागे सरला, तर तो वियोग खरा आणि कंटाळवाणाही नाही. 'हाय बाय, ममा!' (२०२०) इथे बघण्याजोगी. (पुढे शेवट आहे.) अपघातात गेलेली आई पाच वर्षांनी ४९ दिवसांसाठी माणूस होऊन परतते. नवऱ्याने दुसरे लग्न केलेले, लेक नव्या आईला बिलगलेली. ४९ हा आकडा बौद्ध समजुतीतला, मृत्यूनंतरच्या वाटेचे तेवढे दिवस. ती शेवटी परत जाते, कारण ती राहिली तर लेकीला जन्मभर भुते दिसत राहतील. अनेक प्रेक्षकांना हे अन्यायाचे वाटले. पण सावत्र आईला कैदाशीण न करता दोघींनाही माय ठरवणारी मालिका विरळा, आणि त्या शेवटावाचून ते जमले नसते.

लातूर : सासूबाई ६८ वर्षांच्या, मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्यासोबत बघण्याजोगी एखादी सुचवा. उपशीर्षकं त्यांना झेपत नाहीत आणि वीज जाते ती वेगळी.

'डियर माय फ्रेंड्स' (२०१६, १६ भाग). यात म्हाताऱ्या मैत्रिणींचा गोतावळाच नायिका आहे. त्यातली ही-जा ही विधवा आणि तिचा तरुणपणीचा सखा, आता विधुर असलेला, यांचे सूत हळूहळू पुन्हा जुळते. तिला विस्मरणाचा आजार जडतो, तेव्हा कथेला खरी धार येते. सुरुवातीला तिच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, ते प्रसंग तुम्ही आधी एकट्याने बघून घ्या आणि मगच ठरवा. लग्न होते की नाही हा प्रश्न मालिका फारसा धरून बसत नाही. सोबत, औषधांची वेळ, रात्रीचा फोन, यावर तिचे लक्ष आहे, म्हणून सासूबाईंना ती परकी वाटू नये.

उपशीर्षके झेपत नसतील तर आधी हिंदी आवाज मिळतो का ते भाषेच्या पर्यायात बघा. नसेल तर अक्षरे मोठी करा, पार्श्वभूमी काळी ठेवा आणि गती ०.७५ वर आणा. सत्तर मिनिटांचा भाग मग त्र्याण्णव मिनिटे चालतो, म्हणून मध्ये चहाला थांबा. तुम्ही मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर प्रत्येक वाक्य वाचू नका, प्रसंग संपला की दोन वाक्यांत सांगा, नाहीतर त्यांचे डोळे चेहऱ्यांवरून हटतात. नेटफ्लिक्सवर मोबाइलमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय लावला तर एक जीबीत साधारण सहा तास बघून होते, म्हणजे १६ भागांना तीन जीबीच्या थोडे वर. वीज असताना वायफायवर दोन-दोन भाग उतरवून ठेवा. उतरवलेल्या भागांना मुदत असते, तेव्हा सगळे सोळा एकदम साठवू नका.