बहिणाबाईंच्या कविता वाचायच्या की गायच्या? आमचा जळगावचा गट संग्रह घेऊन बसतोय, सुरुवात कशी करावी?

गाऊनच करा, अर्थ नंतर. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात नि जात्यावर काम करताना सुचलेलं त्या म्हणत. ते टिपून ठेवलं मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. संग्रह निघाला 1952 मध्ये, त्या गेल्यावर. बांधणी मुळात तोंडी. ‘अरे संसार संसार’ मोजा: आठ अक्षरं. ‘मन वढाय वढाय’, तीही आठच. जात्याच्या फेऱ्यासारखा ठेका आपोआप सापडतो. आणि कृपा करून ‘मियते’चं ‘मिळते’ करू नका. असोदा-जळगावकडची लेवा बोली आहे ती, ‘ळ’ला ‘य’ म्हणणारी. शुद्ध केली की निम्मी चव गेली. गटात कुणाची आजी त्या बाजूची असेल तर पहिलं वाचन तिलाच द्या, शब्दकोश बाजूला राहू द्या.

एक मात्र लक्षात ठेवा: रेडिओवर, सिनेमात ऐकलेल्या चाली संगीतकारांच्या आहेत, बहिणाबाईंच्या नव्हेत. गोड आहेत, पण त्याच प्रमाण मानून बसू नका.