बियांची शेवंती, तीही थंडीच्या देशात

प्रश्न : मुलगी म्युनिकला असते. तिनं तिकडे शेवंतीचं बी लावलं. निम्मी रोपं बुडाशी कुजून आडवी पडली, उरलेली लांबुडकी झाली, आणि ऑक्टोबरात कळ्या आल्या त्या गोठून गेल्या. आमच्याकडे काश्याच (जुन्या झाडाच्या बुडातून फुटणारे कोंब) लावतात, त्यामुळे तिला काय सांगावं कळत नाही. – एक वाचक, औसा

उत्तर : तीन तक्रारी, तीन कारणं.

बुड कुजतं ते बुरशीनं, आणि तिला हवी असते ओल आणि कोंडलेली हवा. पेरणीच्या मिश्रणात शेणखत नको. ३ भाग कोकोपीट, १ भाग परलाइट (मिश्रण मोकळं ठेवणारे हलके पांढरे खडे) पुरे. मिश्रण आधी भिजवून घ्यावं, बी वरून विरळ टाकावं आणि जेमतेम २ मिलिमीटर झाकावं. १८ ते २० अंशांना १ ते २ आठवड्यांत उगवतं. ट्रेवर झाकण घातलं असेल तर उगवताच काढावं, पाणी ट्रेच्या खालून द्यावं.

रोपं लांबतात ती ऊब जास्त आणि उजेड कमी म्हणून. मार्चमध्ये पेरावं, उगवल्यावर १५ अंशांच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीशी ठेवावं. चार खरी पानं (पहिल्या दोन बीजपानांनंतरची) आली की ७ सेंटिमीटरच्या कुंडीत. बाहेर मात्र १५ मेनंतरच, तेही आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर ठेवून सवय लावल्यावर. अंतर ४० सेंटिमीटर. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा. जुलै उजाडल्यावर खुडणं थांबवावं, नाहीतर कळ्या यायला आणखी उशीर होतो.

खरी गोम तिसऱ्या तक्रारीत आहे. शेवंती कळी धरते ती रात्र लांबल्यावर. औशात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वा तेरा तासांच्या आसपास. म्युनिकला तो १६ तासांचा. ऑगस्ट अर्धा सरेपर्यंत तिथं झाड नुसतं पाला वाढवतं. उशिरा फुलणारं वाण असेल तर कळी उमलायच्या आत कडाका गाठतो. म्हणून पाकिटावर लवकर फुलणारं, बागेत टिकणारं असं लिहिलेलंच बी घ्यावं. अंगणातला रात्रभर जळणारा दिवाही झाडावर पडू देऊ नये, कळ्या अडतात.

एक अपेक्षा मात्र आधीच सोडावी : पाकिटावरच्या चित्रासारखी सगळी फुलं येत नाहीत. बियांची रोपं रंगानं, उंचीनं वेगवेगळी निघतात. त्यातलं मनासारखं झाड खूण करून ठेवावं, फुलं सरल्यावर वीतभर ठेवून छाटावं, कुंडीत काढून न गोठणाऱ्या गार खोलीत जवळजवळ कोरडं ठेवावं. वसंतात बुडातून काश्या फुटतील. पुढचं काम तुम्हाला येतंच.